गटारीनंतरचा तिसरा दिवस

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत गटारीचं पान आलं. कोंबडी-वड्यांची कृती, तळीरामांवरचे आठ-दहा विनोद आणि तळाशी रंगीत चौकट : 'अमावास्येला मनसोक्त, दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद!' पान आमच्या घरात हातोहात फिरलं. ह्यांनी सगळ्यात शेवटी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "एकदम बंद म्हणे. तिसऱ्या दिवशी काय होतं ते नाही छापलं." एवढं बोलून दूध आणायला गेले.

तिसऱ्या दिवशी काय होतं ते मी लिहिते. पाहिलंय मी, ह्यांना त्यातलं निम्मं आठवतही नाही.

आम्ही लालबागचे. यजमान बेस्टमध्ये कंडक्टर होते, २०१६ साली निवृत्त झाले. मी घरून मसाल्याच्या ऑर्डरी घेते. मार्च ते मे डंकावर नाकाडोळ्यांतून पाणी गाळत उभ्या असलेल्या बायका आपण पाहिल्या असतील, त्यांतलीच एक. ह्यांचं पिणं लग्नाआधीपासूनचं. त्यावर रडून झालं, भांडून झालं, माहेरी जाऊन परत येऊन झालं. ते सगळं इथे लिहीत नाही, कारण ते घरोघरी सारखंच असतं.

पण एक गोष्ट होती. हे श्रावण पाळायचे. गटारीला पोटभर, आणि दुसऱ्या दिवसापासून अनंत चतुर्दशीपर्यंत थेंब नाही. सासूबाई चाळभर सांगत फिरायच्या, "माझ्या पोराच्या मनात आलं तर टाकतो की नाही बघा." मलाही त्या दीड महिन्याचा केवढा आधार वाटायचा! ह्यांना दारू सोडता येते, फक्त मनात येत नाही, असं मी धरून चालले होते.

आता मागे वळून बघते तेव्हा क्रम दिसतो. पहिली काही वर्षं नुसती चिडचिड. मग एका श्रावणात दोन रात्री झोप नाही. पुढे हात कापू लागले. आरतीचं तबक हे गुपचूप दुसऱ्याच्या हातात द्यायचे. २०१७ ला उलट्या झाल्या आणि घामानं गादी भिजली. आम्ही म्हटलं, अंगातली घाण निघतेय, निघू दे. दरवर्षीचं दुखणं आधीच्या वर्षापेक्षा वरचढ होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. चार दिवसांनी सगळं निवळायचं आणि मोदकांची तयारी सुरू व्हायची, मग कोण हिशेब ठेवतो?

निवृत्तीनंतर सकाळ सुरू झाली. तोवर दिवस मावळल्याशिवाय नाही, हा नियम होता. आता साडेसहाला उठल्या उठल्या चपटीतले दोन घोट पोटात गेल्याशिवाय ह्यांना कपबशी उचलता येत नव्हती. कप बशीवर किणकिणायचा. त्या किणकिणीनं मला जाग यायची. दिवसाला तीन क्वार्टर संपत होत्या.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार, अमावास्या. रात्री अकराला शेवटचा ग्लास. मी माझ्या गळ्याची शपथ घातली, या वर्षी श्रावण संपला तरी घ्यायची नाही. ह्यांनी शपथ घेतली. उरलेली मी मोरीत ओतली, वर दोन तांबे पाणी. इतकं समाधान मला थोरल्याच्या दहावीच्या निकालालाही झालं नव्हतं.

रविवारी सकाळपासून हात सुरू झाले. दुपारी वरणभात घशाखाली उतरेना. घाम असा, की बनियन पिळून काढावं. मानेची शीर उडताना मला समोर बसून दिसत होती. रात्रभर खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या. मी म्हटलं, दरवर्षीचंच आहे.

सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास हे स्टुलावरून खाली आले. डोळे वर, दातखीळ, सगळं अंग झटके देतंय. कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल नाकाशी धरली. आयुष्यात कधी फिट न आलेला ६० वर्षांचा माणूस! टॅक्सीत घालून जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेतात का?" मी म्हणाले, "नाही, सोडली."

संपादक महाशय, हे उत्तर खोटं नव्हतं. पण कधी सोडली, हे मी सांगितलं नाही. परवा रात्री, हे शब्द तोंडातून बाहेर पडेनात. आजूबाजूला ओळखीची दोन माणसं बसली होती, आणि मी आदल्याच दिवशी चाळीत मिरवलं होतं. डॉक्टरांनीही पुढे विचारलं नाही. फिटचं इंजेक्शन दिलं, ग्लुकोजची बाटली लावली आणि रात्री नऊला घरी पाठवलं. त्यांची चूक किती आणि माझी किती, हे मी इतकी वर्षं तोलतेय. माझं पारडं दर वेळी खाली जातं.

त्याच रात्री ह्यांनी मला भिंतीवर मुंग्यांची रांग दाखवली. आमच्याकडे मुंग्या असतातच. मी उठून लक्ष्मणरेषेच्या खडूनं रेघ ओढली. आज त्यावर घरात सगळे हसतात, हेही हसतात. पण मंगळवारी संध्याकाळी त्या मुंग्या ताटात आल्या, मग अंगावर, आणि हे स्वतःची कातडी ओरबाडू लागले. दारात माझे सासरे उभे दिसले. ते जाऊन तेव्हा १९ वर्षं झाली होती. अंग तापानं भाजत होतं. सासूबाईंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. शेजारणीचं म्हणणं, अमावास्या नुकतीच झालीय, बाहेरचं असणार. तिच्या ओळखीचा एक भगत होता. त्या चर्चेत आमचे चार तास गेले. थोरला ड्यूटीवरून आला, त्यानं कुणाशी एक शब्द न बोलता खाली टॅक्सी उभी केली आणि आम्ही महापालिकेच्या रुग्णालयात गेलो.

कॅज्युअल्टीत एक मुलगी होती. माझ्या धाकट्या भाचीएवढी, बोलण्यात मराठवाड्याचा हेल, पायांत स्लिपर. तिनं मला दारू घेतात का, असं विचारलंच नाही. ह्यांचे हात बघितले, डोळ्यांत टॉर्च मारला आणि विचारलं, "मावशी, शेवटची कधी घेतली होती यांनी?" त्या प्रश्नात खोटं बोलायला जागाच नव्हती. मी म्हणाले, "शनिवारी, रात्री अकराला." तिनं घड्याळाकडे बघितलं आणि सिस्टरला सांगितलं, "बहात्तर तास."

त्या आकड्याचा अर्थ मला नंतर कळला. या आजाराचं घड्याळ असतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट येणार असेल तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. आणि ४८ ते ९६ तासांच्या मध्ये येते ती खरी भीती, डिलिरियम ट्रेमेन्स. वॉर्डात सगळे नुसतं 'डीटी' म्हणतात. ताप चढतो, रक्तदाब चढतो, नाडी धावते, माणसाला आपण कुठे आहोत हे कळत नाही. शंभर जणांनी सोडली तर साधारण पाच जणांना ती गाठते. पूर्वी, उपचार नव्हते तेव्हा, डीटी झालेल्या शंभरांपैकी पस्तीसपर्यंत माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. आज वेळेवर पोचलं तर पाचाच्या आत. आम्ही वेळेवर पोचलो की उशिरा, हे मी त्या मुलीला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

आता वॉर्डातलं सांगते. पहाटेचे चार वाजले असतील. ह्यांच्या एका हाताला सलाइन, दुसरा हात मी धरलेला. एकाएकी उठून बसले. डाव्या हातात तिकिटांचा पत्र्याचा डबा असल्यासारखी बोटं वळलेली आणि उजव्या हाताची चिमूट चालू. टिक टिक, टिक टिक. पंच मारत होते! शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "सुट्टे द्या बाबा, सुट्टे." मग आवाज लावला, "पुढे सरका, आत जागा आहे, हिंदमाता, परळ, भारतमाता, लालबाग..." एकही थांबा चुकला नाही. स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, माझं नाव येत नव्हतं, पण थांबे ओळीनं येत होते. आणि मग हात वर करून सलाइनची नळी धरली आणि दोनदा खेचली. टण टण. डबल बेल, बस सोडा!

सुई निघाली, चादरीवर रक्त. सिस्टर धावत आल्या. मला वाटलं, आता बांधणार ह्यांना. त्या ह्यांच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, डेपो आला. गाडी लावा आता." हे शांतपणे आडवे झाले. त्या सिस्टरांनी दुसऱ्या हाताला सुई लावली आणि निघून गेल्या, जणू रोजचंच. डॉक्टर म्हणाली, असं दिसतं पुष्कळदा, माणूस भ्रमात आपला धंदा करत राहतो. शिंपी कपडा बेततो, गवंडी थापी मारतो.

सकाळी खाली झेंडावंदन झालं. १५ ऑगस्ट होता, वर नागपंचमी. जन गण मन ऐकू येत होतं आणि हे झोपले होते. शनिवारनंतरची पहिली खरी झोप.

त्या मुलीनं मला दोन वाक्यांत समजावलं ते मी कधी विसरणार नाही. लालबागची म्हटल्यावर तिला उदाहरण सोपं सापडलं. "मावशी, गणपतीत मंडपाला लागून ज्यांची घरं असतात ते कसं बोलतात? ओरडून. दहा दिवसांत त्यांचा घसाच तसा बसतो. आता स्पीकर फटकन बंद झाला, तरी ते ओरडतच राहणार ना? यांच्या मेंदूचं तसं झालंय." दारू मेंदूला दाबून ठेवते. मेंदूही मुकाट बसत नाही. दारू असतानाही काम चालावं म्हणून शांत करणारी बाजू तो ढिली करतो आणि चेतवणारी बाजू चढवत नेतो. गाबा आणि ग्लुटामेट अशी त्या रसायनांची नावं तिनं कागदावर लिहून दिली होती. तो कागद माझ्या मसाल्याच्या हिशेबाच्या वहीत अजून आहे. वर्षानुवर्षं हे चालतं. मग एका रात्री दारू बंद होते आणि चढवून ठेवलेलं सगळं मोकळं सुटतं. हात, घाम, फिट, मुंग्या हा सगळा तो आरडाओरडा. माझ्या घरात तीन दिवस हे चाललं होतं आणि मी त्याला निश्चयाची परीक्षा समजत होते.

उपचार ऐकले तर साधे वाटतात. ह्यांना लोराझेपाम दिलं. यकृताला सूज होती म्हणून तेच. इतरांना बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात. दारू ज्या शांत करणाऱ्या बाजूला जोर द्यायची तिलाच ही औषधं हलकेच जोर देतात, आणि मग काही दिवसांत डोस पायरी-पायरीनं उतरवतात. एकाच वेळी भरमसाट नाही. दर काही तासांनी डॉक्टर एक तक्ता घेऊन यायची. त्यात दहा बाबी. हात पुढे करा, घाम किती, आज वार कोणता, अंगावर काही चालल्यासारखं वाटतं का, उजेड डोळ्यांना खुपतो का. त्याची बेरीज आणि त्यावर पुढचा डोस. माझं गणित बरं आहे म्हणून मीही मनात बेरीज करत असे. बुधवारी आकडा तिशीत होता, शनिवारी सातावर आला. मुलाच्या मार्कांपुढे कधी एवढी डोळे लावून बसले नव्हते, आणि तेही कमी व्हावेत म्हणून!

दुसरी गोष्ट बी-वन, म्हणजे थायमिन. डॉक्टरनं पहिल्या रात्री विचारलं होतं, "त्या नर्सिंग होममध्ये ग्लुकोजबरोबर बी-वन दिलं होतं का?" कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. रोज पिणाऱ्याच्या अंगात हे जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. जेवण नीट नसतं आणि आतड्यातूनही ते नीट शोषलं जात नाही, म्हणून सुरुवातीला गोळीवर न विसंबता ते शिरेतून देतात. नुसतं ग्लुकोज चढवलं तर ते जाळायला उरलंसुरलं बी-वन खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळे भिरभिरतात, चाल लडखडते, भान जातं; त्यातून वाचला तरी नव्या आठवणी धरून ठेवण्याची ताकद कायमची जाऊ शकते. आमच्या ह्यांची वाचली. थोडक्यात, असं ती म्हणाली. ते एक स्वस्तातलं इंजेक्शन असतं, एवढंच मी पुढे बोलते.

आणि तिसरी गोष्ट तिनं डिस्चार्जच्या दिवशी सांगितली. दरवर्षी श्रावणात सोडायचे आणि विसर्जनानंतर धरायचे, हे मी कौतुकानं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. अशी धर-सोड दर वेळी मेंदूला आणखी पेटवते. पुढचा विड्रॉल, म्हणजे दारू तुटल्यावरचा हा त्रास, आधीच्यापेक्षा जड जातो. ज्या दीड महिन्यावर आम्ही घरानं अभिमान बाळगला, तोच ह्यांना त्या कॉटपर्यंत घेऊन आला होता. सासूबाईंना मी हे कधी सांगितलं नाही. गेल्या त्या.

हे इथेच संपलं असतं तर पत्र गोड झालं असतं. संपलं नाही. डिसेंबरात ह्यांनी पुन्हा सुरू केलं. चार-पाच दिवसांत अंग साफ होतं, ओढ साफ होत नाही, हेही तेव्हा कळलं. पण या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. मी एकही बाटली ओतली नाही, शपथ घातली नाही. ओपीडीत जाऊन तारीख घेतली, आणि ॲडमिट होईस्तोवर अचानक थांबवू नका, रोज थोडी थोडी कमी करा, असं डॉक्टरांनीच सांगितलं. नवऱ्याला बायकोनं स्वतःच्या हातानं मोजून द्यायची, हे मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. फेब्रुवारी २०१९ मध्ये भरती झाले, औषधं पहिल्या तासापासून चालू, आणि हात थोडे कापण्यापलीकडे काहीही झालं नाही. ना फिट, ना मुंग्या. माणूस तोच, दारू तीच. तयारी तेवढी वेगळी. त्यानंतर ओढ कमी करायची गोळी वर्षभर, एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या आधारगटाच्या, मीटिंगा एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे आवळून बसून. माझ्यासाठी अल-अनॉन, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा तसाच गट. तेव्हापासून आजपर्यंत नाही. उद्याचं मी बोलत नाही, हेही बोलत नाहीत.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं, डॉ. अनिता अवचटांचं ते काम आणि पु. ल.-सुनीताबाईंनी दिलेली देणगी आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. व्यसन हा आजार आहे, हा शब्द मराठी घरांत पोचला तो त्यांच्यासारख्यांमुळे. पण आम्ही त्याचा अर्थ मनाचा आजार एवढाच घेतला. पहिल्या चार दिवसांत तो अंगाचा असतो, डेंग्यू किंवा न्यूमोनिया अंगाचा असतो तितकाच. त्या चार दिवसांत उपदेश, कीर्तन, मुलांच्या आणाभाका काही चालत नाही. चालतं ते औषध.

लॉकडाऊनचंच बघा. २०२० च्या मार्चमध्ये दुकानं बंद झाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या तळमजल्यावरचा एक तरुण थरथरायला लागला, घाम, ताप, बरळणं. बिल्डिंगला वाटलं कोरोना. दार बाहेरून लावून घ्यायची भाषा सुरू झाली, त्याची बायको जिन्यात बसून रडत होती. मी तिला त्या डॉक्टरचाच प्रश्न विचारला, शेवटची कधी घेतली होती? मग १०८ ला फोन केला आणि फोनवर पहिलं वाक्य तेच सांगितलं. पोरगा वाचला. ४ मेला वाइन शॉप उघडली तेव्हा तो रांगेत होता, हेही खरं. त्या रांगांचे फोटो आपणही छापले, लोक पोट धरून हसले. दोन दिवसांत गर्दीमुळे मुंबईत दुकानं पुन्हा बंद झाली. मला त्या फोटोंत हसता आलं नाही. मौजेसाठी उभे असलेले होतेच, पण हात खिशात लपवून उभे असलेलेही मला दिसत होते.

२०१९ साली केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकाला कसला ना कसला उपचार मिळाला होता, आणि भरती होऊन उपचार १८० माणसांत एकाला. बाकीचे ३७ जण सोडायची झाली तर कुठे सोडतात? घरी. आणि आमच्याकडे त्याचा मुहूर्त ठरलेला असतो, तो आपण पुरवणीत छापता.

आणखी एक गाऱ्हाणं, आता लिहायला बसलेच आहे तर. लोकलच्या डब्यात दारावर चिकटवलेल्या जाहिराती असतात, 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा'. तशाच छोट्या जाहिराती आपल्याही पानात येतात. मी २०१६ ला अशी पुडी मागवून वरणात घातली होती. संध्याकाळी हे पिऊन आले, तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, डोळे पांढरे. मी देवाचे आभार मानले, लागू पडलं म्हणून! त्या पुडीत काय होतं, देव जाणे. पण दारूबरोबर असा त्रास घडवणारं एक खरं औषध आहे, डायसल्फिराम, आणि ते पिणाऱ्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं; नकळत दिलं आणि तो पिऊन बसला तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. मी न जाणो काय वरणात कालवत होते, वर तुपाची धार. ह्यांना हे मी गेल्या वर्षी सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, "वरण बरं झालं होतं पण."

तर विनंती अशी. पुढच्या गटारीच्या पानात एक चौकट आमच्यासाठी ठेवा. त्यात एवढं छापा : ज्याला सकाळी उठल्या उठल्या लागते, ज्याचे हात न घेतल्यास कापतात, ज्याला पूर्वी कधी सोडताना फिट किंवा भास झालेत, त्यानं श्रावणासाठी एका रात्रीत बंद करू नये, आधी डॉक्टर गाठावा. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात जावं. सगळ्यांनाच भरती व्हावं लागत नाही, सौम्य असेल तर घरी राहून रोज दाखवून भागतं, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, बायकोनं किंवा केमिस्टनं नाही. झोपेच्या गोळ्या आपल्या मनानं देऊ नयेत. वरून दारू पडली तर श्वास थांबू शकतो. फिट आली तर कुशीवर वळवावं, तोंडात काही कोंबू नये, कांदा-चप्पल तर नकोच. भास, ताप, फिट यांतलं काहीही दिसलं तर १०८, आणि पोचल्यावर पहिलं वाक्य : शेवटची अमुक वारी, अमुक वाजता. नुसतं विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही फुकट.

नाव छापू नये. हे म्हणतात छाप, माझ्या नावासकट छाप, सगळ्या डेपोला कळू दे. पण धाकटीचं जमवायचं चाललंय, आणि मुलाकडचे आपलाच पेपर घेतात.

चौकटीला जागा नसेल तर कोंबडी-वड्यांची कृती थोडी आखडती घ्या. ती आम्हाला येते. शिवाय तुमच्या वड्यांच्या पिठात मेथीदाणे राहिलेत.

आपली नम्र,
एक वाचक, लालबाग, मुंबई